महत्त्वाचं वाक्य कंसात होतं

एका वकीलबाईंचं पत्र आलंय. चांगलं सहा पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

‘मी ४३ वर्षांची वकील. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात सात वर्षं वकिली केली, मग मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत गेले आणि तिथून योगायोगानं तिमोर-लेस्तेला. तिथल्या राजधानीत, डिलीत, एका कायदा-सुधारणा प्रकल्पावर पाच वर्षं सल्लागार होते. दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे पुण्याला परतले. आता तिथल्याच एका नव्या प्रकल्पाचं प्रमुखपद मला देऊ केलंय. चार वर्षांचं काम, ३८ माणसं, एका युरोपीय देशाचा पैसा. न्यायाधीशांचं प्रशिक्षण, गरिबांना कायदेशीर मदत आणि न्यायालयांच्या नोंदी अशी तीन अंगं. याआधीच्या प्रकल्पाचे प्रमुख मुदतीआधीच सोडून गेले, का ते कोणी नीट सांगत नाही. (माझी जुनी तिमोरी सहकारी उपप्रमुख असेल. तिनंही या पदासाठी अर्ज केला होता.) नवरा जा म्हणतो, आई काही बोलत नाही. मुलगा नववीत आहे. २०२५मध्ये माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या एका आठवड्यात गेल्या. अशा वेळी पुण्यातलं बरं चाललेलं काम सोडावं का? मी वकील आहे, मॅनेजर नाही, मला जमेल का? आणि खरं सांगायचं तर रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच प्रश्नानं: दुसऱ्याच्या देशाचे कायदे सुधारणारी मी कोण? येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.’

वकीलबाई,

शुक्रवारची मुदत आहे म्हणून हे उत्तर सदरात येण्याआधीच तुम्हाला मेलनं पाठवतेय. बाकीच्या वाचकांसाठी मध्ये मध्ये खुलासा घातलाय, तो तुम्हाला पाठ असेल. सोडून पुढे जा.

मुलाचं आधी उरकू, कारण त्यावर मला फारसं म्हणायचं नाही. तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, आईचं गप्प राहणं आहे, मुलाचं काहीच नाही. त्याला विचारा. डिलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तो क्लासवरून सातला घरी येईल तेव्हा तिथे रात्रीचे साडेदहा झालेले असतील आणि तुम्ही फोन हातात धरून पेंगत असाल. रोजचं बोलणं कधी, हे जाण्याआधी त्याच्याशी बसून ठरवा. गेल्यावर ते ठरत नाही. आणि दहावीच्या परीक्षेच्या वेळची तीन आठवड्यांची रजा आत्ताच करारात लिहून घ्या. ‘बघू, तेव्हा करू काहीतरी’ यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. माझी मुलगी आता तिशीत आहे, अजून ऐकवते.

नोकरीच्या भरवशाबद्दलची तुमची भीती खरी आहे. २० जानेवारी २०२५ला अमेरिकेनं परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली, पाठोपाठ ‘काम थांबवा’ची पत्रं निघाली, मार्चमध्ये ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैला यूएसएडचा, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, स्वतंत्र कारभारच संपला. ब्रिटनही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणतोय. तेव्हा आपला पैसा युरोपचा आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. पण न जाण्याचं हे कारण होऊ शकत नाही. पुण्यातली कन्सल्टन्सी तरी कुठे पेन्शनीची नोकरी आहे?

करार आला की तुम्ही स्वतःच्या नोटिशीचं कलम वाचाल, सगळेच वाचतात. त्याबरोबर तिथल्या माणसांच्या नोटिशीचं कलमही मागून घ्या. उद्या प्रकल्प बंद पडला तर तुम्ही विमानात बसाल. त्यांचं घरभाडं थांबणार नाही. गेल्या वर्षी एका देशातून माझ्या जुन्या ड्रायव्हरचा मेसेज आला: ‘मॅडम, गाडी कोणाकडे जमा करू?’ ऑफिसला कुलूप, वरच्यांचे मेल बंद, किल्ली घ्यायला कोणी नाही. दोन महिने त्यानं ती पांढरी लँड क्रूझर स्वतःच्या दारात उभी ठेवली आणि दर रविवारी धुतली. पगार बंद झालेला होता. तीन महिन्यांचा पगार आणि आवराआवरीचा खर्च असा वेगळा मथळा बजेटमध्ये घाला, असं सही करण्याआधी सांगा. सहीनंतर तुम्ही नोकर असता. आधी नसता.

आता ‘मी मॅनेजर नाही’.

अमेरिकी पैशाच्या प्रकल्पात या खुर्चीला ‘चीफ ऑफ पार्टी’ म्हणतात. मी हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून विचारलं, ‘कुठल्या पार्टीचं?’ युरोपवाले साधं ‘टीम लीडर’ म्हणतात. नाव काहीही असो, त्या खुर्चीत मी नऊ वर्षं काढली आणि पहिल्या वर्षी कायद्याचं एक पुस्तक उघडलं नाही. जनरेटरच्या डिझेलची निविदा, दोन वरिष्ठांचं भांडण, मंत्र्याच्या सचिवाच्या भाच्याला नोकरी का दिली नाही याचा खुलासा, तिमाही अहवाल, पाहुण्या शिष्टमंडळाला कोर्ट ‘दाखवणं’, पुन्हा तिमाही अहवाल. सल्लागार असताना तुमचं मत चुकलं तर ते फायलीत पडून राहतं. प्रमुखाची सही चुकली तर गाडी, पगार, कधीकधी माणूस अडकतो. तुम्हाला कायद्यावर प्रेम असेल तर पहिले सहा महिने विरह सोसावा लागेल.

पण जमेल. साताऱ्याच्या कोर्टात सात वर्षं काढलेल्या बाईला जमणार नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समन्स बेलिफाकडे अडकलं की नाझरांशी कुठल्या आवाजात बोलायचं, शिरस्तेदार चिडलेला असताना फाईल मागायची नाही, न्यायाधीशाला चूक दाखवायची ती त्यांनाच सापडली असं वाटेल अशी. हे कुठल्या मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात? लॉगफ्रेम काय, आठ दिवसांत येतं. तो एक तक्ता आहे: डावीकडे आपण काय करणार, उजवीकडे ते झालं हे कशावरून कळणार.

त्या उजव्या रकान्यात मात्र फार माणसं बुडालेली पाहिलीत, म्हणून जरा थांबते. तिथे सगळ्यात सोपा आकडा असतो ‘प्रशिक्षण दिलेल्या न्यायाधीशांची संख्या’. तो नेहमी पूर्ण होतो. हॉटेलचा हॉल, दोन दिवस, दुपारचं जेवण, भत्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. वर्ष संपत आलं आणि पैसे उरलेत (आमच्या भाषेत ‘बर्न रेट’ कमी आहे) की असल्या कार्यशाळांचा पाऊस पडतो, कारण पैसे न खपणं हा या धंद्यात पैसे वाया जाण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. मीही पाडलाय. एकाच न्यायाधीशानं माझ्याकडून एका वर्षात चार प्रमाणपत्रं नेली आणि चारही वेळा तो संख्येत नव्यानं मोजला गेला.

दुसरी गोष्ट नोंदींची, कारण तुमच्या प्रकल्पाचं ते तिसरं अंग आहे. एका देशात (नाव राहू दे) आम्ही खटल्यांच्या नोंदीसाठी संगणकप्रणाली बसवली. उद्घाटन झालं, फीत कापली. तीन महिन्यांनी मी न सांगता गेले. संगणकावर प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर फुलदाणी. लेखनिकाच्या टेबलावर जाड कापडी पुठ्ठ्याची वही, कोपरे सेलोटेपनं बांधलेले, आणि त्यात सुरेख अक्षरात सगळं: नंबर, पक्षकार, तारीख, पुढची तारीख. मी विचारलं, संगणकात भरत नाही का? म्हणाला, भरतो की, शुक्रवारी वीज असते तेव्हा, तुमच्यासाठी. वही कोर्टासाठी. मी त्याची वही चाळली. आमच्या प्रणालीत चौदा रकाने होते. त्याच्या वहीत सहाच, पण एक असा होता जो आम्हाला सुचलाच नव्हता: ‘पक्षकार किती लांबून येतो’. लांबचा माणूस असला की तो तारीख बाजाराच्या दिवसाची द्यायचा, म्हणजे त्याला फेरी दोनदा पडू नये. त्या कोर्टातली खरी सुधारणा ती होती. आमच्या अहवालात ती कधी आली नाही.

तेव्हा पहिल्या महिन्यात सॉफ्टवेअरवाल्याला भेटू नका. वही शोधा.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. वाचकांसाठी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला तर तुमचा प्रश्न नुसता नम्रपणा वाटेल.

तिमोर-लेस्ते हा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेतला चिमुकला देश. शतकानुशतकं पोर्तुगीजांची वसाहत. आणि हे गोव्याच्या वाचकांना गंमतीचं वाटेल, १८४४पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. १९७५मध्ये पोर्तुगीज गेले आणि इंडोनेशिया घुसला. ३० ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला, त्यानंतरच्या काही आठवड्यांत देश जाळला गेला. कोर्टाच्या इमारती जळाल्या, दप्तरं जळाली, न्यायाधीश-वकील बहुतेक इंडोनेशियन होते ते निघून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या हाती देश आला तेव्हा कायदा शिकलेला स्थानिक माणूस कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणून विमानांतून पत्रकं टाकली: कायदा शिकलेल्यांनी संपर्क साधावा. आठवड्याभरात सतरा जण आले, दोन महिन्यांत साठाच्या घरात. त्यातल्या एकानंही न्यायाधीशाची खुर्ची पाहिलेली नव्हती. जानेवारी २०००मध्ये पहिल्या न्यायाधीशांचा शपथविधी झाला.

इथवरची गोष्ट ऐकून ऊर भरून येतो. पुढची ऐका. हे लोक शिकले होते इंडोनेशियन भाषेत, इंडोनेशियन कायदा. २००२च्या संविधानानं राजभाषा केल्या पोर्तुगीज आणि तिथलीच तेतुम. २००३मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निर्णय दिला की देशात पूर्वीचा म्हणून जो कायदा लागू आहे तो इंडोनेशियाचा नव्हेच, पोर्तुगालचा! संसदेला घाईनं वेगळा कायदा करून ते उलटवावं लागलं. देशात कायदा कोणता आहे यावरच वाद, आणि सामान्य माणूस तारखेला येतोय. जानेवारी २००५मध्ये तिमोरी न्यायाधीशांची मूल्यमापन परीक्षा झाली. सगळेच्या सगळे नापास. त्यांना खुर्चीवरून उठवून प्रशिक्षण केंद्रात बसवलं आणि निवाडे परदेशी न्यायाधीशांकडे गेले. मग ऑक्टोबर २०१४मध्ये संसदेनं ठराव केला, आणि सरकारनं परदेशी न्यायाधीशांना आणि न्याय-अधिकाऱ्यांना ४८ तासांत देश सोडायला सांगितलं; सात पोर्तुगीज, एक केप व्हर्दचा. तेलकंपन्यांच्या करांचे खटले सरकार हरत होतं, हे त्याचं निमित्त. सरकारचं वागणं कोर्टाच्या स्वातंत्र्यावर घाला होता, यात मला शंका नाही. पण पंधरा वर्षांनंतरही चाव्या परक्यांच्या हातात होत्या म्हणून तो घाला इतका सोपा झाला, यातही नाही. आणि त्या परक्यांत काही प्रशिक्षकही होते, म्हणजे ज्या केंद्रात उद्याचे न्यायाधीश घडायचे तेही अडलं.

मी एकदा तिथे एका फिरत्या न्यायालयाच्या सुनावणीला बसले होते. डोंगरातलं गाव, शाळेची खोली, जमिनीचा तंटा. न्यायाधीशानं वीस मिनिटं पोर्तुगीजमध्ये निकाल वाचला. दुभाष्यानं तेतुममध्ये तीन वाक्यं सांगितली. शेवटच्या बाकावरची म्हातारी, वादीची आई, तिला तेतुमही जेमतेम. तिनं शेजारच्या पोराला कोपरानं ढोसून तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. मी नंतर त्या पोराला विचारलं, आजी काय म्हणाली? ‘म्हणाली, आपण जिंकलो की हरलो?’ त्यालाही सांगता आलं नव्हतं.

हे वाचून साताऱ्यातलं काही आठवलं असेल तर ते बरोबरच आहे. मराठी ही आपल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा असल्याची अधिसूचना १९९८ची. तरी किती निकाल इंग्रजीत येतात आणि पक्षकार वकिलाच्या तोंडाकडे कसा बघतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण आपल्याकडे निदान शब्द मुरलेले आहेत. वकील, फिर्याद, जामीन, दावा, हरकत, तहकूब: सगळे परके, फारसी-अरबी वाटेनं आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय करून घेतले, तरी ‘वकील’ आणि ‘जामीन’ काही हटले नाहीत, कारण तोवर ते गावच्या चावडीवर जाऊन बसले होते. कायद्याचा शब्द असा मुरायला पिढ्या लागतात. प्रकल्प चार वर्षांचा असतो.

एका देशात मी न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी साठ पानी मार्गदर्शिका लिहिली. इंग्रजीत, नीटनेटकी, मला स्वतःला फार आवडलेली. मग भाषांतर करून वाटली. वर्षभरानं कळलं की जामिनासाठी वापरलेला शब्द तिथल्या लोकांच्या लेखी ‘दंड’. पैसे भरले, विषय संपला, तारखेला कशाला जायचं? लोक आले नाहीत, वॉरंट निघाली, काही जण पुन्हा आत गेले. माझ्या सुंदर मार्गदर्शिकेमुळे.

याच्या उलट उदाहरण कंबोडियाचं. ख्मेर रूजच्या राजवटीनं तिथला कायदेवर्ग जवळपास संपवला होता, तिमोरपेक्षा परिस्थिती बरी मुळीच नव्हती. १९९९पासून जपानच्या मदतीनं नागरी कायद्याचं काम सुरू झालं. जपानी प्राध्यापक आणि कंबोडियन मंडळी कलम घेऊन बसायची आणि या कल्पनेला ख्मेर शब्द कुठला यावर वाद घालायची. दिवाणी प्रक्रिया संहिता आली २००६ला, १,३०५ कलमांची नागरी संहिता २००७ला, ती लागू झाली डिसेंबर २०११मध्ये. बारा वर्षं! आजच्या कुठल्याही डोनरला, म्हणजे पैसा देणाऱ्याला, हा वेळापत्रकाचा आराखडा दाखवा, तो पाणी मागेल. ती संहिता निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, जमिनी बळकावणं काही तिनं थांबलं नाही. पण तिच्यातले शब्द जुळवायला ज्यांनी बारा वर्षं घालवली त्यात कंबोडियन होते, आणि ते आजही तिथेच आहेत.

‘मी कोण’ याचं उत्तर आपल्याच मातीत शोधायचं तर १८१८नंतरचं दख्खन बघा. पेशवाई गेली, एल्फिन्स्टन आला. माणूस समजूतदार, १८१९च्या अहवालात त्यानं आपल्या पंचायतींबद्दल बरं लिहिलं, त्या चालू राहाव्यात म्हणून धडपडला. स्टील नावाच्या अधिकाऱ्यानं शास्त्र्यांना आणि जातींच्या प्रमुखांना विचारून रिवाज लिहून काढले. १८२७ला संहिता आली. हेतू चांगला, अभ्यास चांगला. तरी झालं काय? ज्यांना विचारलं त्यांचा रिवाज कागदावर आला. ज्यांना विचारलं नाही त्यांचा हवेत विरला. आणि वर कोर्ट आहे म्हटल्यावर पंचायतीत कोण बसतं? गोतसभेत चारचौघांसमोर बोलून, महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, निशाणी करून मिटणारा तंटा स्टँपपेपरवर गेला.

तिमोरमध्ये ‘लिआ-नाइन’ आहेत, शब्दांचे धनी; चटई अंथरून, सगळ्यांना तीवर बसवून तंटा मिटवणारे. बाहेरून येणारा प्रत्येक सुधारक एकतर त्यांच्या प्रेमात पडतो, नाहीतर त्यांना अडाणी ठरवतो. तुम्ही दोन्ही करू नका. २०१०च्या कायद्यानं तिथे घरातली मारहाण हा सार्वजनिक गुन्हा केला, म्हणजे बाईनं तक्रार केली नाही तरी खटला चालतो. चटईवर काय व्हायचं? दोन्ही घरं बसायची, म्हैस किंवा विणलेलं ‘ताइस’ द्यायचं ठरायचं, बाई परत त्याच घरात. कोर्टात काय होतं? बरेचदा स्थगित शिक्षा, आणि बाई परत त्याच घरात. ‘४९८-अ’च्या, सासरच्या छळाच्या, किती केसमध्ये तुम्ही मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तडजोडीचा मसुदा लिहिलाय? मग तुम्हाला ठाऊक आहे की खरा प्रश्न ‘कोर्ट की चटई’ हा नाही. सुटका झाल्यावर त्या बाईनं राहायचं कुठे आणि खायचं काय, हा आहे. लंडन-लिस्बनहून आलेल्याला हे समजावायला माझे महिने गेलेत. तुम्हाला ते व्हरांड्यातच कळलंय. ‘दुसऱ्याच्या देशात जाणारी मी कोण’ याला मला सापडणारं उत्तर एवढंच: त्या व्हरांड्यात उभी राहिलेली एक बाई. बाकी भारतीय असल्याचं भांडवल करू नका. ‘आम्हीही वसाहत होतो’ असं म्हणत आपल्याच कायद्याचे नमुने पुढे करणारे आपले लोक मी पाहिलेत. मेकॉलेची दंडसंहिता आपण १ जुलै २०२४पर्यंत चालवली. ती दुसऱ्याला दाखवायला नेताना जरा संकोच हवा.

आणि आता तो कंस.

तुमच्याबरोबर पाच वर्षं काम केलेली, तिथे जन्मलेली, तेतुम आणि पोर्तुगीज दोन्ही येणारी बाई. (दोन्ही येतात, हे सहा पानांत दुसरीकडे कुठेतरी तुम्हीच लिहिलंय.) तिनं या पदासाठी अर्ज केला, तिला ते मिळालं नाही, तुम्हाला मिळतंय. आणि हे तुम्ही कंसात लिहिता. वकिलाच्या पत्रात कंसात काय टाकतात ते मला माहीत आहे. जे वगळलं तर खोटं ठरेल आणि मोठ्यानं म्हटलं तर केस हलेल ते.

तिला का नाकारलं हे मला माहीत नाही, पण अंदाज बांधते. मुलाखत इंग्रजीत झाली असणार. तिमाही अहवाल कसे लिहाल असं विचारलं असणार. आणि खासगीत कोणीतरी ‘फिड्युशियरी रिस्क’ हा शब्द उच्चारला असणार, म्हणजे पैशाची जोखीम, म्हणजे मराठीत: स्थानिक माणसाच्या हातात चेकबुक नको. गंमत अशी की त्याच ऑफिसात हिशेब ठेवणारा, बँकेत जाणारा, पगार काढणारा माणूस स्थानिकच असतो. फक्त सही बाहेरची लागते.

माझं मत विचाराल तर पद घ्या. पण चार वर्षांसाठी नाही, दोन वर्षांसाठी. चोविसाव्या महिन्यानंतर प्रमुख ती आणि तुम्ही तिच्या हाताखाली सल्लागार, वर्षातून काही आठवडे. हे तोंडी नको, करारात हवं आणि डोनरच्या मंजुरीच्या पत्रात हवं, नाहीतर तेविसाव्या महिन्यात सगळे म्हणतील, ‘आत्ता बदल कशाला, छान चाललंय की.’ त्या दोन वर्षांत खर्चाच्या मंजुरीवर पहिल्या दिवसापासून तिचीही सही. मंत्रालयातल्या बैठकीला ती बोलेल, तुम्ही शेजारी बसाल. आणि प्रशिक्षणाचा प्रत्येक मजकूर आधी तेतुममध्ये लिहायचा, त्याचं इंग्रजी नंतर, डोनरसाठी. यानं अहवाल उशिरा जातील, पहिल्या वर्षी तुम्हाला दटावणीचे मेल येतील, ‘बर्न रेट’ लाल रंगात दिसेल. येऊ द्या. शब्द जुळवायला चांगली माणसं नेमा, त्यांना कार्यशाळेच्या जेवणापेक्षा जास्त पैसे द्या. जुना पोर्तुगीज कायदा मराठी-कोंकणी माणसांना कसा समजावतात हे बघायला एकदा पणजीला जाऊन या. १८६७ची संहिता तिथे काही बाबतींत अजून चालते आणि ती घरच्या भाषेत सांगत आलेले जुने वकील विरळ होत चाललेत. तिमोरची २०११ची संहिता पोर्तुगालच्याच पुढच्या, १९६६च्या संहितेच्या वळणाची आहे. तुमच्या त्या सहकारीला बरोबर घेऊन गेलात तर आणखी चांगलं.

ही अट घातल्यावर पद हातचं जाईल का? जाऊ शकतं. माझा अनुभव असा की उमेदवार पसंत पडल्यावर सही होईपर्यंतचे दहा दिवस संस्थेची मान जरा वाकलेली असते. तेवढ्यात जे मागाल ते मिळतं. आधीचे प्रमुख का गेले हेही याच दहा दिवसांत विचारा. त्यांना स्वतः फोन करा, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोघा-तिघा तिमोरींनाही. दोन्हीकडची हकीकत जुळली तर एक कारण कळेल, जुळली नाही तर दोन.

पण या सगळ्याच्या आधी एक फोन आहे, तो तुम्ही अजून केलेला नाही. केला असता तर ते वाक्य कंसात आलं नसतं. ती चिडलेली असेल. कदाचित म्हणेल, ये, मला तूच हवी होतीस. कदाचित म्हणेल, दोन वर्षं कशाला, एकच पुरे. ती ‘येऊ नकोस’ म्हणाली तर जाऊ नका. तिच्या मनाविरुद्ध त्या खुर्चीत बसून तुम्ही डिझेलच्या निविदांपलीकडे काही करू शकणार नाही, आणि आधीचे प्रमुख का गेले ते न विचारता कळेल.

मी हे लिहितेय तेव्हा इथे सोमवारचे सकाळचे साडेआठ वाजलेत. तिथे बारा. जेवायला बाहेर पडण्याआधी ती टेबलावर सापडेल.